वचन द्यायला मोठा, प्रश्न विचारायला लहान?

आज चर्चमध्ये उपासनेनंतरच्या शास्त्राभ्यासात एका सोळा वर्षांच्या मुलाने विचारलं, "प्रार्थना करूनही आजारी माणूस बरा होत नसेल, तर आपण मागायचं तरी कशाला?" एका ज्येष्ठ सभासदांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. "लहान आहेस अजून. असं विचारायचं नसतं, विश्वास ठेवायचा असतो." पोराने मान खाली घातली. आणि थोड्याच वेळात तेच गृहस्थ तक्रार करत होते की हल्ली तरुण मुलं मंडळीत टिकत नाहीत!

कशी टिकतील?

या मुलाचं दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झालंय. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी त्याच्या वतीने दिलेली वचनं त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने घेतली. प्रभुभोजनाला तो आपल्या शेजारी गुडघे टेकतो. मग प्रश्न विचारतानाच तो लहान कसा होतो?

त्याला उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरली असती. बायबलमधलं 2 करिंथ 12 उघडायचं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं. 13 वं स्तोत्र तर "हे परमेश्वरा, कोठवर?" इथूनच सुरू होतं. म्हणजे या मुलाचा प्रश्न आधीपासून पवित्र शास्त्रातच आहे. लूक 2 मध्ये बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. त्याला कोणी उठवलं नाही. आणि त्यानंतर तो नासरेथला जाऊन आईवडिलांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न विचारणं आणि आज्ञेत राहणं एकाच मुलाला जमतं.

मान्य, काही पोरं नुसती डिवचायला विचारतात. त्यांनाही उत्तर द्यावंच लागतं.

2 इतिहास 34 मधला यहूदाचा राजा योशीया बघा. आठव्या वर्षी राजा झाला. सोळाव्या वर्षी देवाचा शोध घेऊ लागला. विसाव्या वर्षी मूर्ती फोडायला सुरुवात केली, सव्विसाव्या वर्षी मंदिराची डागडुजी काढली. शोध आणि कृती यांच्यात चार वर्षं गेली. आपल्याला मात्र दृढीकरणाच्या दुसऱ्या दिवशी पक्का विश्वासू हवा असतो, तोही शंका न घेणारा!

आणि त्याला काम काय देतो? खुर्च्या मांडायच्या, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचं. त्याऐवजी शास्त्रवाचन द्या. उतारा चार दिवस आधी हातात ठेवा, मोठ्याने तीनदा वाचून घ्या. नबुखद्नेस्सरासारखी नावं ऐन वेळी जीभ अडकवतात, ती आधीच सुटी करून घ्या. दानाची मोजणी द्या: नात्यात नसलेल्या एका प्रौढासोबत, दोघांनी वेगवेगळी मोजायची, आकडा जुळला की दोघांची सही. चूक झाली तर उपासनेनंतर एकट्याला सांगा आणि पुढच्या रविवारी तेच काम पुन्हा त्यालाच द्या. बिघडतं ते इथेच. पहिल्या चुकीला आपण काम काढून घेतो आणि मग म्हणतो की मुलं जबाबदारी घेत नाहीत.

आपल्या प्रार्थनेची भाषाही त्याच्यावर चढवू नका. गल्याथाशी लढायला निघालेल्या दावीदाला शौल राजाच्या चिलखतात धड चालता येईना. तो गोफण घेऊनच गेला. मार्काच्या शुभवर्तमानात 16 अध्याय आहेत, रोज एक वाचू दे. वहीत दोन ओळी पुरे: येशूने इथे काय केलं, आणि मला काय खटकलं. ती वही तपासायला मागू नका.

घरात तर याहून वाईट. कौटुंबिक प्रार्थनेत आई मुलाच्या चुकांची यादी देवाला वाचून दाखवते, मुलगा शेजारीच बसलेला. ही प्रार्थना नव्हे, बोलणी आहेत. फक्त डोळे मिटून दिलेली. "बापांनो, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका" हे इफिस 6 मधलं वाक्य आपण "मुलांनो, आज्ञा पाळा" इतक्याच जोराने कधी वाचतो? वडिलांनी स्वतःहून "माझं चुकलं, माफ कर" म्हटलेलं मुलाने ऐकलं नसेल, तर पश्चात्ताप म्हणजे काय हे त्याला धड्यातून कळणार नाही.

आईवडिलांची भीती कळते मला. मूल विश्वासापासून दूर जाईल ही धास्ती झोप उडवते. पुढे चर्चचा मोठा धर्मशिक्षक झालेला ऑगस्टीन तरुणपणी मानी पंथात गेला होता. त्याची आई मोनिका एका बिशपकडे रडत गेली, माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा म्हणून. बिशप लहानपणी स्वतः त्याच पंथात वाढलेला. त्याने नकार दिला: त्याला असू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा 387 साली झाला, तेव्हा तो 32 वर्षांचा होता. काही मुलांना इतका वेळ लागतो, आणि तेवढा वेळ दार उघडं ठेवावं लागतं.

सगळं आईवडिलांनीच ऐकायचं असंही नाही. घराबाहेरचा एक विश्वासू प्रौढ असावा, ज्याच्यापुढे शरीराबद्दल, आकर्षणाबद्दल, शंकेबद्दल बोलता येईल. पण भेटी चारचौघांत दिसतील अशा जागी आणि घरच्यांना माहीत असलेल्या. जो प्रौढ "हे कोणाला सांगू नकोस" म्हणतो, त्याच्याकडे मूल पाठवायचं नाही.

मुलं सर्वांत जास्त निसटतात ती शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडल्यावर. नव्या गावातला पहिला रविवार सामान लावण्यात जातो, दुसरा झोपेत, आणि तिसऱ्या रविवारी जायला लाज वाटते. फोनवर "चर्चला जातोस ना रे?" विचारून काही होत नाही. निघण्याआधीच तिथल्या पाळकांशी बोलणं व्हावं, एका कुटुंबाचा नंबर सोबत असावा, सभासदत्वाचं पत्र बॅगेत असावं. आणि ते पत्र मागायला पाळकांकडे मुलालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका.