शहरातल्या शहरात फिरायला जुनी डिझेल? नको

‘सेकंडहँड घेताय? डोळे झाकून डिझेल घ्या. डिझेल स्वस्त, ॲव्हरेज जास्त, इंजिन ३ लाख किलोमीटर हलत नाही. फक्त रनिंग कमी बघा, मग दहा वर्षं बघायला नको.’ महिन्याभरात हा मजकूर मला चार ग्रुपवर आला. चौथ्यांदा तो माझ्या भाच्याने पाठवला, आणि तो खरंच गाडी घ्यायला निघालाय. त्याचा रोजचा रस्ता पुण्यात कोथरूड ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन १४ किलोमीटर, तेही नळस्टॉप आणि डेक्कनच्या गर्दीतून. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारखं रनिंग असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. मी स्वतः असाच सल्ला ऐकून पैसे घालवले आहेत.

पहिला मुद्दा: ‘डिझेल स्वस्त पडतं.’

हे वाक्य २०१२ साली अगदी खरं होतं. तेव्हा पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे ३० रुपयांच्या आसपास फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि तो फरक आटत गेला. पुण्यात गेली काही वर्षं पेट्रोल १०४ रुपयांच्या आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास आहे. भाच्याचा हिशेब मांडू. महिन्याचे २४ दिवस ऑफिस आणि रविवारची फिरती धरून वर्षाला साधारण ५,००० किलोमीटर. गर्दीत पेट्रोल गाडी लिटरला १३ आणि डिझेल १६ किलोमीटर देते असं धरलं, तर पेट्रोलचा वर्षाचा खर्च सुमारे ४०,००० आणि डिझेलचा २८,०००. म्हणजे डिझेलवर महिन्याला हजार रुपये वाचतात. वाचतात हे खरं, ते मी नाकारत नाही.

पण त्याला दाखवलेल्या एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या दोन गाड्यांत डिझेलवालीचे ७०,००० जास्त सांगितले होते. ते भरून निघायलाच जवळजवळ सहा वर्षं जातील, आणि या सहा वर्षांत टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग), क्लच यांतलं काहीही बिघडायला नको. डिझेलचा एकेक इंजेक्टर बदलायचा खर्चही पाच आकड्यांत जातो. रोज ५०-६० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर जाणाऱ्याचं गणित वेगळं येतं. त्याने डिझेल जरूर घ्यावी.

दुसरा मुद्दा: ‘डिझेल इंजिन ३ लाख किलोमीटर हलत नाही.’

ही ख्याती आली कुठून? फियाटच्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट या डिझेल इंजिनावरून. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, ब्रेझा, टाटाची व्हिस्टा, फियाटची स्वतःची पुंटो, सगळ्यांत तेच इंजिन होतं. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं. टूरवाल्यांच्या डिझायर त्याच्यावर लाखो किलोमीटर पळाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या गाड्या पळायच्या कुठे? पुणे ते मुंबई विमानतळ, शिर्डी, महाबळेश्वर. एकदा सुरू झालेलं इंजिन तीन-चार तास तापलेलं राहायचं. सकाळी ७ किलोमीटर आणि संध्याकाळी ७ किलोमीटर हे आयुष्य त्या इंजिनाने पाहिलंच नाही.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा उशिरा तापतं. ७ किलोमीटरमध्ये काट्यावर पाणी तापलेलं दिसेल, ऑइल मात्र त्याच्या मागेच असतं. असं रोज झालं की काजळी धरते. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत बसते, आणि ९० पीएस ताकदीच्या मल्टिजेटसारखा व्हेरिएबल (हलत्या पात्यांचा) टर्बो असेल तर त्या पात्यांवर बसते आणि ती अडकतात.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेलमध्ये याच्या जोडीला डीपीएफ आला. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला हा फिल्टर काजळी अडवून ठेवतो आणि साठली की सुमारे ६०० अंशांना जाळून टाकतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका चालीत पळावी लागते. कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता ती कुठे पळणार? जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा सिग्नल लागतो. फिल्टर तापवण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

२०२३ मध्ये मी तीन वर्षं जुनी बीएस-६ डिझेल घेतली, याच रस्त्यासाठी. विकणाऱ्याने डीपीएफ हा शब्दही काढला नाही आणि मीही विचारलं नाही. दोन महिन्यांत डीपीएफचा पिवळा दिवा लागला. मिस्त्रीने डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून दाखवली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं, आणि त्याला डिझेलचा वास. मी आधी खूश झालो होतो की गाडी ऑइल खात नाही! त्या वर्षात दोनदा ऑइल बदललं, दोनदा मशीन लावून फिल्टरमधली काजळी जाळून घेतली, शिवाय दर रविवारी काही काम नसताना खेड शिवापूरपर्यंत गाडी पळवून आणायची. शेवटी तोटा सोसून विकली. घेणारा रोज सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत जातो. परवा त्याला फोन केला, दिवा त्याच्याकडे एकदाही लागलेला नाही. इंजिनात खोट नव्हती. मी त्याला तापू देत नव्हतो.

‘डिझेलला पिकअप जास्त’ असंही त्या मजकुराखाली लोक लिहितात. हायवेला ओव्हरटेक करताना, हो. पण स्विफ्टमधली ७५ पीएसची डिझेल चालवलेल्या कुणालाही विचारा. २,००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) खाली ती सुस्त असते, आणि गर्दीत आपण कायम त्याच्या खालीच असतो. मग अर्धा क्लच दाबत गाडी पुढे सरकवायची.

तिसरा मुद्दा: ‘रनिंग कमी बघा.’

मीटर मागे घेतलेलं असू शकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघा. पण आकडा खरा असला तरी तो पुरेसा नाही. गर्दीत ताशी सरासरी १२ किलोमीटरने १८,००० किलोमीटर फिरलेलं इंजिन १,५०० तास चाललं. हायवेला ताशी ६० ने ९०,००० फिरलेलंही १,५०० तासच चाललं, तेही बहुतेक वेळ नीट तापून. १८,००० च्या गाडीचं ऑइल ‘रनिंगच नाही’ म्हणून दोन-दोन वर्षं बदललेलं नसेल, तर ९०,००० ची नोंदवाली गाडी मी आधी बघेन.

मग घ्यायचं काय? बिनटर्बोचं साधं पेट्रोल. मारुतीचं के-सिरीज, ह्युंदाईचं १.२ कप्पा, होंडाचं १.२ आय-व्हीटेक. टर्बो नाही, डीपीएफ नाही, गल्लीतला मिस्त्रीही हाताळू शकतो. छोट्या फेऱ्या यांनाही मानवत नाहीतच, पण वर्षातून एकदा न चुकता ऑइल बदललं तर ही इंजिनं त्या सोसतात. छोटी टर्बो पेट्रोल चालवायला छान असतात, पण डायरेक्ट इंजेक्शनवाली (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) असेल तर तिच्या इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेवर, कार्बन धरतो, म्हणून जुनी घेताना मी ती टाळेन. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं पडेल, आणि इंधनाचे रबरी पाइप घेतानाच तपासून घ्या. सीएनजी हवा तर कंपनी फिटिंगचा, आरसीवर नोंद असलेला, आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेला.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या रात्रीपासून ती सुरू करू नका असं फोनवरच सांगा. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर का सुरू केली होती ते विचारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तर डिपस्टिक आधी बघा, मगच चावी फिरवा.