बॉल नको पाहू, पाय पाह्य

वेस्ट इंडिजच्या बॅट्समनचा विषय निघाला की लोक रिचर्ड्सवर बोलतात, लारावर बोलतात. बोलावंच, दोघंही त्या तोलाचे आहेत. पण मला कोणी विचारलं, तिकीट काढून पुन्हा एकदाच कोणाला पाहशील, तर माझ्या तोंडून एकच नाव येईल. कार्ल हूपर.

डिसेंबर 1994. नागपूर, सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं (व्हीसीए) जुनं मैदान. मी शाळेत होतो, काका रेल्वेत. भारत-वेस्ट इंडिज कसोटीसाठी त्यांनी रजा टाकली होती आणि माझ्या शाळेला काय कळवायचं ते घरी परस्पर ठरलं होतं. सचिनचे 179 होऊन गेले होते, त्यामुळे माझ्या दृष्टीने मॅच पाहून झाली होती. सिमेंटच्या पायऱ्या सकाळी गार आणि दुपारी तापलेल्या. डब्यात पोळी-भाजी, पिशवीत संत्री. हूपर बॅटिंगला आला तेव्हा मी संत्रं सोलत होतो. काकांनी माझा हात धरला.

"बॉल नको पाहू. पाय पाह्य त्याचे."

म्हणून मी पाय पाहिले. फिरकी गोलंदाज धावत यायचा, हात वर जायचा, आणि हूपर अजून क्रीजमध्येच उभा असायचा, तोंडात च्युइंगम, जणू बस यायला अवकाश आहे. चेंडू हातातून सुटायचा आणि त्याच क्षणी तो निघायचा. धावायचा नाही, उडीही मारायचा नाही. एक पाऊल, त्याच्या मागून दुसरं अलगद सरकत, आणि तो चेंडूच्या टप्प्यावर हजर. बॅट सरळ खाली यायची आणि खांद्यावरून मागे जायची. आवाज आमच्यापर्यंत जरा उशिरा पोचायचा. असाच एक चेंडू मिड-ऑनच्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला. मिड-ऑनवाला वळलासुद्धा नाही, फक्त मान वर करून बघत राहिला. आमच्या मागच्या रांगेतून कोणीतरी नुसतं "आहाहा" म्हटलं. भारताला चौकार बसला होता आणि आख्खा स्टँड खूश होता.

त्या डावात शतक जिमी अॅडम्सचं झालं, नाबाद 125. हूपरचं झालं नाही. मॅच अनिर्णित राहिली. इतक्या वर्षांनी माझ्याकडे उरलंय ते फक्त त्या दोन पावलांचं चित्र.

हे पुढे सरसावणं दिसायला जितकं सोपं तितकंच करायला अवघड. बहुतेक बॅट्समन निघायच्या आधी काहीतरी चुगली करतात. खांदा हलतो, टाच उचलली जाते, बॅट जरा जास्तच आपटली जाते. चांगला स्पिनर ते हेरतो आणि टप्पा मागे खेचतो, मग बॅट्समन क्रीजबाहेर अडकतो आणि स्टंपिंग. हूपर शेवटपर्यंत काहीच कळू द्यायचा नाही. शेन वॉर्नसारखा गोलंदाजसुद्धा या लपवाछपवीसाठी त्याला मानायचा. आणि आमच्याकडे समोर कोण होतं? कुंबळे, राजू, चौहान. घरच्या खेळपट्टीवर त्या काळी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवणारं फिरकी त्रिकूट.

हूपर गयानाचा, जॉर्जटाउनचा. ज्या मातीने कन्हाय, लॉइड, कालीचरणसारखे बॅट्समन दिले तिथला. रोहन कन्हायचं नाव आपल्या गावसकरने मुलाला दिलं, त्यामुळे त्या मुलखाशी आपलं नातं तसं घरातलंच. हूपरची कसोटी कारकीर्द तर आपल्या वानखेडेवर सुरू झाली, 11 डिसेंबर 1987 ला, एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना. पुढच्याच कसोटीत ईडन गार्डन्सवर नाबाद 100.

आता तो आकडा. 102 कसोटी, 5762 धावा, सरासरी 36.46. हूपरचं नाव काढलं की कोणीतरी हा आकडा समोर टाकतोच, आणि मागोमाग ठरलेलं वाक्य येतं: गुणवत्ता वाया घालवली. मला या वाक्याचा मनापासून राग आहे. वाया घालवली म्हणजे काय? कसोटी आणि वनडे, दोन्हींत शंभर सामने, पाच हजार धावा, शंभर बळी, शंभर झेल, हे सगळ्यात आधी त्यानेच केलं. स्लिपमध्ये उभा राहून झेल असे घ्यायचा की टाळ्या वाजवायच्या आधी चेंडू खिशात. प्रथम श्रेणीत 69 शतकं आहेत. हा माणूस आळशी होता?

कबूल, तो हळहळ लावायचा. पंचवीस-तीस धावा अशा करायचा की वाटावं आज द्विशतक नक्की, आणि मग मधेच एखादा सरळ चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात देऊन चालू लागायचा. काका रेडिओ बंद करून अंगणात जाऊन उभे राहायचे. पण हळहळ वाटते ती ज्याच्याकडे खरंच काही आहे त्याच्याबद्दलच. शिवाय आपली एक खोड आहे. घाम गाळताना दिसला तोच कष्ट करतो असं आपण धरून चालतो. ज्याच्या हालचालीत ओढाताण दिसत नाही, त्याने ती सहजता किती वर्षं नेटमध्ये घासून मिळवली असेल हे कोणी विचारत नाही.

आणि 2002 विसरू नका. 1999 च्या वर्ल्ड कपच्या तोंडावर निवृत्त झालेला हा माणूस 2001 मध्ये परत आला तो कर्णधार म्हणून, आणि पुढच्या वर्षी आपली टीम तिकडे गेली. मी तेव्हा पुण्यात, पाच जणांत एक टीव्ही. खेळ संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचा आणि मध्यरात्रीनंतरही चालायचा. पहिली कसोटी बूर्डावर, त्याच्या स्वतःच्या गावात. हूपर 233. समोर दुसरा गयानीज, चंदरपॉल, 140. एक आडवा-तिडवा उभा राहून खोदकाम करतोय आणि दुसरा समोरच्या टोकाला रेशीम उलगडतोय. द्रविडने नाबाद 144 करून उत्तर दिलं, मग पाऊस आणि ड्रॉ. पुढे ब्रिजटाउनला आपण 102 वर आटोपलो आणि हूपरने 115 केल्या. अँटिगाला, जिथे कुंबळे जबडा बांधून गोलंदाजीला आला, तिथे 136. एका मालिकेत तीन शतकं, वय पस्तीस.

बूर्डाच्या त्या रात्री साडेबाराला घरमालकांकडे माझ्यासाठी फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हणजे माझ्या पोटात गोळा. मी धावत खाली गेलो. पलीकडे काका.

"पाय पाहून राह्यला ना बे?"

"हो काका."

"बस. ठेव मग."

घरमालकांनी काळजीने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, हूपर खेळतोय. ते माझ्या मागोमाग वर आले आणि खेळ संपेपर्यंत आमच्या गादीवर बसून राहिले.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. नागपूरच्या त्या फटक्यावरून आमचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो गोलंदाज डावखुरा राजू होता, ते म्हणायचे, नाही, ऑफस्पिनर राजेश चौहान, मी ऑफस्पिन ओळखत नाही का. हे वाचणाऱ्यांत जुने नागपूरकर असतीलच. त्या दिवशी स्टँडमध्ये कोणी असेल आणि आठवत असेल तर सांगा, कोण होता.