सगळीकडं पाच टाकलंय भावा!

मानसशास्त्राच्या संशोधनात आकडेमोडीला भिणारी मंडळी मुलाखतींकडं पळतात. तिथं गणित नाही, नुसत्या गप्पा, असा त्यांचा हिशेब. मला दोन्हीकडच्यांची सारखीच दया येते.

एक ते पाच गुण द्यायची प्रश्नावली घेऊन रंकाळ्यावर उभं राहा. कोल्हापूरचा माणूस नाही म्हणत नाही. दोन मिनिटांत फॉर्म परत देतो, ‘सगळीकडं पाच टाकलंय भावा, टेन्शन घेऊ नको.’ म्हणजे ‘मला शांत झोप लागते’ यालाही पाच आणि ‘रात्रभर तळमळत पडतो’ यालाही पाच. असे फॉर्म जीव तुटला तरी बाजूला काढायचे. उरलेल्यांत उलट्या विधानांचे गुण सहातून वजा करायचे, पाचाचा एक, चाराचे दोन. हे करायचं राहिलं की क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नांचा एकमेकांशी मेळ किती ते सांगणारा आकडा, कोसळतो (०.७० तरी यावा अशी प्रथा), कधी चक्क उणे येतो, आणि शिव्या खातं सॉफ्टवेअर. वय न लिहिणाऱ्यापुढं ९९ टाकलं, पण ते ‘मिसिंग’ आहे हे एसपीएसएसला (आकडेमोडीच्या त्याच सॉफ्टवेअरला) सांगितलं नाही, तर वीस वर्षांच्या वीस पोरांत असे पाच निघाले तरी सरासरी चाळिशीला टेकते.

दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-टेस्ट मात्र एका क्लिकची. निकालात ओळी दोन येतात. मी म्हणेन, खालची घ्या, तिला दोन्ही गटांचं विचलन सारखं असण्याची अट नाही. पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.००० दिसला तर ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहायचं. आणि ‘गटात तीस बास’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं. मध्यम फरक ८० टक्के खात्रीनं पकडायला गटामागं ६४ माणसं लागतात.

आता गप्पावाले. तासभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला चार ते सहा तास, मागं मिसळीच्या ताटल्या वाजत असतील तर आणखी. ‘तसं काय न्हाई ओ, पण...’ यातला ‘पण’ सोडू नका, खरा डेटा तिथून सुरू होतो. पुढं मुलाखतींतून थीम, म्हणजे मुळाशी असलेला अर्थ, शोधायच्या ब्राऊन आणि क्लार्क या संशोधकांच्या २००६ च्या सहा पायऱ्या. बहुतेक जण दुसरीवर, कोडिंगलाच (मजकुराच्या तुकड्यांना नावं देण्यातच), बसकण मारतात आणि आपलेच प्रश्न थीम म्हणून छापतात: ‘ताणाची कारणे’. ही थीम नव्हे, कप्पा झाला. ‘घरात बोलायची सोय नाही’ ही थीम.

मग दुसरा कोडर बसवून कॅपा, म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं त्याचा आकडा, काढायचा का? ब्राऊन-क्लार्क म्हणतात, आमच्या पद्धतीत तो बसत नाही. परीक्षक म्हणतात, आकडा दाखवा.