मेडूसाचा चेहरा बाहेरच्या दिशेने हवा

‘रक्षणासाठी मेडूसाचा मुखवटा सोफ्यामागच्या भिंतीवर लावा’ हा घरसजावटीच्या एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. मेडूसा म्हणजे ग्रीक पुराणकथांमधली, केसांच्या जागी साप असलेली राक्षसी. रक्षणासाठीचा हा चेहरा ग्रीकांनी बाहेरून येणाऱ्यावर रोखला: ढालीवर, छपराच्या कडेच्या कौलांवर, देवळाच्या दर्शनी भागावर. ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिस देवीच्या मंदिराच्या (इ.स.पू. 580 च्या सुमारास) त्रिकोणी दर्शनी शिल्पपटात मधोमध जवळपास 3 मीटर उंच गॉर्गन (मेडूसा ज्या राक्षसी बहिणींपैकी एक, त्यांचं नाव) आहे. शरीर धावत्या अवस्थेत, पण चेहरा थेट समोर, डोळे वटारलेले, जीभ बाहेर. लेखातल्या फोटोतला उदास, सुंदर चेहरा पुढच्या काळातला. देखणा आहे, पण त्यात तो धाक नाही. तेव्हा जागा मुख्य दाराच्या वर, बाहेरच्या बाजूला.

तिथे प्लास्टर ऑफ पॅरिसचा मुखवटा मात्र नको. पावसाची ओल शोषून तो मऊ पडतो, रंगाचे पोपडे निघतात. भाजलेल्या मातीचा घ्या, ग्रीक कौलांवरचे चेहरेही बहुतेक मातीचेच असत. 40 सेंटिमीटरचा भरीव मुखवटा सहज चार-पाच किलो भरतो, त्यामुळे दुहेरी चिकटपट्टी विसरा. ती भिंतीचा रंग घेऊनच खाली येते. दोन स्क्रू, दोन्ही रॉल प्लगमध्ये (भिंतीतल्या भोकात बसवून स्क्रू घट्ट धरणारी नळी), आणि प्लग गिलाव्यात न थांबता विटेपर्यंत गेला पाहिजे. एकाच खिळ्यावर टांगलात तर दार आपटलं की मुखवटा तिरका होतो. दिवा वरून किंवा बाजूने सोडा. समोरून प्रकाश पडला की उठाव मरतो आणि सगळे साप सपाट दिसतात.