सहा फेऱ्या, बारा भेटी

मी मैदानाला डावीकडून फेऱ्या मारतो, ते उजवीकडून. सगळा घोळ इथेच आहे.

दोघांचा वेग साधारण सारखा, त्यामुळे एका फेरीत दोनदा गाठ पडते. सहा फेऱ्या म्हणजे बारा भेटी. पहिल्या भेटीत हसायचं, दुसऱ्या भेटीत मान हलवायची, हे ठरलेलं. तिसऱ्या वेळी काय करायचं? तेच हसू परत दाखवलं तर शिळं वाटतं आणि न हसावं तर माणूस म्हणेल, दोन मिनिटांत असं काय बिनसलं? मग मी आभाळ बघतो, बुटाची नाडी बघतो. एकदा तर बंद फोन कानाला लावून गंभीरपणे "हो, हो" करत गेलो. त्यातल्या त्यात सोपं म्हणजे मनगटावरचं घड्याळ बघणं. पाचवी ते दहावी भेट मी घड्याळावर निभावून न्यायचो.

एकदा दिशा बदलून पाहिली. नेमकी त्याच दिवशी त्यांनीही बदलली होती. त्यांनाही माझा तेवढाच ताप होत असणार, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं. बरं, बरोबरीने चालावं तर पहिल्या फेरीत हवा-पाणी संपतं, दुसरीत गुडघे. पुढच्या चार फेऱ्या काय एकमेकांची धाप ऐकायची?

त्यांचं नाव मला माहीत नाही. पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं. आता तीन वर्षांनी कुठल्या तोंडाने विचारणार?

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितलेत : उपयोगाची, मौजेची आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. मी आमचं प्रकरण प्रामाणिकपणे तिन्हींत बसवून पाहिलं. उपयोग शून्य. मौज म्हणावी तर मला चालण्याने येतो त्याहून जास्त घाम या भेटींनी येतो. आणि चांगुलपणाचा पुरावा एवढाच, की दोघांपैकी कुणीही अजून मैदान सोडलेलं नाही.

एक दिवस सातव्या भेटीला ते चक्क थांबले. "राग मानू नका," म्हणाले, "पण तुमच्या घड्याळात महिनाभर पावणेचारच वाजतायत."

घड्याळ वडिलांचं, चावीचं. माझ्या हातून पडलं तेव्हापासून बंद. मित्रांना विचारून झालं होतं. तिघांनी "नवीन घे" म्हणून सांगितलं. चौथ्याने एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. तो दुरुस्तीवाला मला आधीच परत पाठवून मोकळा झाला होता आणि पत्ताही मित्राला मूळचा मीच दिलेला. त्यांचा दोष नाही. वीस वर्षं आम्ही पाच जण एकच पेपर आळीपाळीने वाचतोय, त्यात नवी बातमी येणार कुठून?

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हीच गोष्ट आकड्यांत दाखवली. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, खबर देणारा तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. आता रोज बारा वेळा भेटणारा, पण नाव माहीत नसलेला माणूस कुठल्या रकान्यात घालायचा, हे त्याने सांगितलेलं नाही.

"जुनी घड्याळं उघडणारे एक गृहस्थ आहेत," ते म्हणाले, पत्ता सांगितला आणि चालू लागले. चार दिवसांत घड्याळ सुरू. मित्र असता तर 'पडलंच कसं' इथून सुरुवात होऊन गाडी माझ्या एकूण वेंधळेपणावर गेली असती.

गेल्या सोमवारी ते आलेच नाहीत. मंगळवारीही नाहीत. राहवेना, म्हणून रखवालदाराला विचारलं, "ते दिसले नाहीत?"

"कोण ते?"

"ते हो... उलटे फिरतात ते."

"उलटे तर तुम्ही फिरता," तो म्हणाला.

बुधवारी ते आले. पहिल्या भेटीत दोघेही हसलो, जरा जास्तच. दुसऱ्या भेटीत मान हलवली. तिसऱ्या वेळी विचारायचंच, असं ठरवून मी निघालो, तर ते लांबूनच बुटाची नाडी बघत येत होते.

मी घड्याळ बघितलं. सहा बावीस.