आठ पिल्लं, सोळा खुबे

चार वर्षांपूर्वी आम्ही जुनी शहाबादी उखडून हॉलभर पांढरी व्हिट्रिफाइड टाइल बसवली. तिची ख्याती एवढीच, की तिच्यात तोंड दिसतं. घरी येणारा पाहुणा आधी तिच्यात तोंड पाहायचा आणि पायात मोजे असले तर लगेच तोंडावर पडायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पाहुणे यायचे, घसरायचे, तर्री-पोहे खाऊन जायचे. आई तेव्हापासून भिंत धरून चालते, पण तिला सवयच आहे म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

मग आमची बर्फी गाभण राहिली. बर्फी म्हणजे लॅब्रॅडॉर. रंग संत्रा बर्फीचा आणि आता आकार अख्ख्या मिठाईच्या दुकानाचा. दिवस भरत आले तेव्हा एक्स-रे काढला, त्यात आठ पिल्लं दिसली. मी पेढ्यांचा हिशोब करत होतो, इतक्यात डॉक्टरांनी विचारलं, "खाली काय अंथरणार?"

"रद्दी," मी अभिमानानं म्हणालो. वर्षभराची जमवून ठेवली होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला. (डॉक्टरांनी चष्मा काढला की खर्च वाढतो, हा माझा अनुभव आहे.) म्हणाले, नवजात पिल्लू चालत नाही, पोटावर सरकतं. मागच्या पायांनी रेटा देत ते आईच्या दुधापर्यंत पोचतं. खाली पेपर असला की रेटा वाया जातो आणि पाय बाजूला फाकतात. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेली गोटी. जन्मतः ही वाटी कच्ची असते आणि गोटीभोवतीच घडत जाते. गोटी सारखी बाहेर निसटत राहिली, तर वाटी उथळ राहते. लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष मुळात रक्तातून येतो, तो काही अंथरुणानं जात नाही. पण त्याला आपण हातभार लावायचा नाही.

"बापाच्या खुब्यांचा एक्स-रे पाहिला होता ना?" त्यांनी जाता जाता विचारलं. स्थळ पाहताना आम्ही मुलाचं वजन पाहिलं, रंग पाहिला, कागद पाहिले. खुबा विचारायचं कुणाला सुचतं?

त्या रात्रीपासून मला घसरगुंडीचीच स्वप्नं पडू लागली. वाचत बसलो. नॉर्वेतल्या पशुवैद्यकांनी 2012 साली लॅब्रॅडॉरसह चार मोठ्या जातींच्या कुत्र्यांवरचा अभ्यास छापला होता. पहिल्या तीन महिन्यांत जी पिल्लं रोज जिने चढली-उतरली, त्यांच्यात खुब्याचा दोष जास्त; जी बाहेर मऊ, उंचसखल जमिनीवर हुंदडली, त्यांच्यात कमी. आमच्या गल्लीतला दीड वर्षापासून खोदून ठेवलेला रस्ता मला आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात नागपूरच्या बाजारातलं गांधीबाग गाठलं. गालिच्याच्या दुकानात एकेक नमुना खाली टाकायला लावला आणि तपासायचा तर पिल्लासारखाच तपासावा म्हणून त्यावर पालथा पडून गुडघ्यांनी रेटा दिला. तिसऱ्या नमुन्यावर दुकानदार खाली वाकला.

"भाऊ, योगासाठी पाहिजे का?"

"नाही. कुत्रीच्या बाळंतपणासाठी."

त्यानं आतून वडिलांना हाक मारली. दोघांनी मिळून मला उठवलं, पाणी पाजलं. म्हातारबुवांनी मात्र विषय मनावर घेतला. "बारदाना टाका ना, फुकटात होते," ते म्हणाले. मी बारदान्याचा एक धागा ओढून दाखवला. असा धागा पिल्लाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं. प्लॅस्टिकच्या हिरवळीवर त्यांनी स्वतःच तळहात फिरवला आणि "खराटा आहे बे हा!" म्हणून मुलावरच डाफरले.

घरी आईनं आपली गोधडी काढून दिली. ती मऊ होती, पण सरकवली की चुण्या पडायच्या, आणि चुणीखाली गेलेलं पिल्लू बर्फीच्या बुडाखाली सापडायला वेळ लागत नाही. जोडायच्या फोमच्या चटया आणल्या, त्यांतले दोन तुकडे बर्फीनं संध्याकाळच्या जेवणाआधीच खाल्ले.

"काऊन रे," आई भिंत धरून उभी होती, "कुत्रीच्या पोरांच्या खुब्यासाठी बाजार पालथा घालून राहिला तू. माझा खुबा चार वर्षांपासून दुखून राहिला."

"तुझी वाटी घडून झाली आहे, आई," मी म्हणालो. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

शेवटी सुतारानं प्लायची चार बाय चार फुटांची पेटी केली. आत भिंतींपासून चार बोटं सोडून चारी बाजूंनी आडवा पाइप लावला, म्हणजे बर्फी टेकली तरी मागे पिल्लाला जागा राहील. तळाला रेघांचं जाड रबर, त्यावर आखूड लवेचं धुता येणारं कापड, कडा रबराखाली घट्ट खोचलेल्या. कापडाचे दोन जोड, एक दोरीवर, एक पेटीत. मेमध्ये नागपुरात ते दहा मिनिटांत वाळतं, या उन्हाचा तेवढा एकच फायदा.

नवतप्याच्या, म्हणजे मेअखेर सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, चौथ्या रात्री बर्फी व्याली. पुस्तकात लिहिलं होतं, पिल्लांना ऊब लागते, वर दिवा लावा. बाहेर पारा दिवसा 46 ला टेकून आलेला. मी दिव्याऐवजी कूलर लावला आणि त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे ओला वारा पेटीत शिरणार नाही.

पहाटे तीनला पहिलं पिल्लू माझ्या टॉर्चच्या उजेडात होतं. डोळे मिटलेले, अंग अजून ओलसर. मागच्या पायांची मेथीदाण्याएवढी नखं त्यानं लवेत रोवली, बूड वर उचललं, जोर लावला आणि बोटभर पुढे गेलं. पाय फाकला नाही. पुन्हा रोवली, पुन्हा बोटभर. स्तनापर्यंत पोचायला त्याला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ मी श्वास धरून होतो आणि माझेच गुडघे रेटा देत होते.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं उभी राहू लागली. आता ती हॉलमध्ये येणार म्हणून मी उरलेलं रबर शोधायला लागलो. चांगलं साडेतीन मीटर होतं, गुंडाळून दारामागे ठेवलेलं. दारामागे नव्हतं.

ते आईच्या खाटेपासून न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत सरळ अंथरलेलं होतं, कडा पायानं नीट दाबलेल्या. त्यावरून आई येत होती, भिंत न धरता, हातात चहाचा कप घेऊन.

"अगं, ते पिल्लांचं..."

"सोळाचे अठरा झाले, दुसरं काय," ती म्हणाली.

बर्फीचे आणि माझे तिनं धरलेच नव्हते.