तीन वर्षांच्या मुलाला दहा फरक सापडत नाहीत, आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही

‘तुमचं मूल हुशार आहे का? दोन मिनिटांत तपासा’ असा एक मेसेज सध्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. सोबत बागेची दोन चित्रं आहेत. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तीन वर्षांच्या मुलाला दोन मिनिटांत दहा फरक सापडले पाहिजेत. पाचापेक्षा कमी सापडले तर मूल ‘स्लो लर्नर’ आहे किंवा ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता आहे. ‘गटात न बसणारं ओळखा’ याचं उत्तर चुकलं तर तर्कबुद्धी कच्ची. या कोड्यांनी उजवा मेंदू जागा होतो. मेंदूची ८५ टक्के वाढ सहा वर्षांपर्यंत होते, पुढे काही करता येत नाही. म्हणून रोज वीस वर्कशीट सोडवून घ्या, आणि त्या वर्कशीटच्या पीडीएफसाठी खाली पैसे भरायची लिंक.

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीकडे पोचला. तिने साडेतीन वर्षांच्या लेकाला जेवण झाल्या झाल्या मोबाइलसमोर बसवलं. त्याला दोन फरक सापडले आणि मग तो उठून पळाला. रात्री तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. ‘ताई, याला कुणाला दाखवू गं?’ मी बालवाडीत शिकवते. फरक ओळखणं, जोड्या लावणं, वर्गीकरण हे माझं रोजचं काम आहे. एका शहाण्यासुरत्या आईला असं रडवणारा मेसेज लोक न वाचता पुढे ढकलतात याचा मला मनापासून राग आलाय.

पहिला मुद्दा दहा फरकांचा. हा सगळ्यात खोटा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

१९६८ साली एलियान व्ह्युर्पियो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच गोष्टीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांपुढे दोन घरांची चित्रं ठेवायची. प्रत्येक घराला सहा खिडक्या. काही जोड्यांत दोन्ही घरं तंतोतंत सारखी, काहींत एखाददुसरी खिडकी वेगळी. मुलाने एवढंच सांगायचं की घरं सारखी आहेत की नाहीत. आणि ते सांगण्याआधी मुलाची नजर कुठे कुठे फिरते याची कॅमेऱ्याने नोंद घ्यायची.

आता विचार करा, दोन घरं सारखी आहेत हे ठामपणे सांगायचं तर सहाच्या सहा खिडक्या जोडीजोडीने बघाव्या लागतात. मोठी मुलं तसंच करत होती. इकडची वरची खिडकी, तिकडची वरची खिडकी, मग खालची, आणि फरक दिसला की तिथेच थांबायचं. लहान मुलं तसं करत नव्हती. त्यांची नजर दोनचार खिडक्यांवरून फिरायची, तीही जोडीने नाही, आणि ती सांगून मोकळी व्हायची की सारखीच आहेत. त्यांना समोरची खिडकी नीट दिसत होती. ‘सगळ्या खिडक्या तपासल्याशिवाय उत्तर देता येणार नाही’ ही समज मात्र अजून आलेली नव्हती. ती वयाबरोबर येते, शाळेत जायच्या वयाच्या आसपास हळूहळू पक्की होत जाते.

म्हणजे या मेसेजमध्ये तीन वर्षांच्या पोराकडून जे मागितलंय ते पाच वर्षांच्यालाही जड जातं. त्यात फरक दहा. सापडलेले लक्षात ठेवायचे, तेच पुन्हा मोजायचे नाहीत, उरलेले शोधत राहायचे, शिवाय घड्याळ लावलेलं. तीन वर्षांचं मूल एक ते दहा पाठ म्हणत असेल, पण दहा म्हणजे किती याचा त्याला अजून अंदाजही नसतो. ते दोन फरक दाखवून उठतं, कारण त्याच्या लेखी काम झालेलं असतं.

आणि फरक कळत नाही असं तर मुळीच नाही. तीन-चार महिन्यांच्या बाळांना मांजरांची चित्रं एकामागून एक दाखवली आणि मग कुत्र्याचं दाखवलं, तर ती कुत्र्याकडे जास्त वेळ बघतात. पॉल क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९३ साली दाखवलं. माझा तोच भाचा दारातल्या चपलांच्या ढिगातून आपल्या आजोबांची चप्पल बरोबर उचलून आणतो. त्याच्याच आईला हे रोज दिसतं, पण मेसेज वाचल्यावर ते तिच्या मनातून पुसलं गेलं.

आता ऑटिझम. या शब्दाशी असा खेळ करणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही.

चित्रातले फरक न सापडणं हे ऑटिझमचं लक्षण नाही, कुठल्याही तपासणीत नाही. उलट बारकावे टिपण्याच्या कामात ऑटिझम असलेली काही मुलं इतरांपेक्षा सरस ठरतात. अमिता शाह आणि उटा फ्रिथ या दोघींनी १९८३ साली लंडनमध्ये मोठ्या चित्रात दडलेला छोटा आकार शोधण्याचं काम मुलांना दिलं होतं. ऑटिझम असलेल्या मुलांनी ते इतरांपेक्षा चांगलं केलं. मग हा मेसेज काय घोटाळा करतो बघा. चंचल, बडबड्या, अगदी ठणठणीत मुलाची आई रात्रभर जागते. आणि ज्या मुलाला खरोखर मदतीची गरज आहे ते मूल कदाचित दहाही फरक शोधून दाखवतं, आईवडील ‘हुशार आहे’ म्हणून निर्धास्त होतात, आणि हाताशी असलेला सगळ्यात मोलाचा काळ निघून जातो. हे दुसरं नुकसान मला जास्त भीतिदायक वाटतं.

बघायचं असेल तर हे बघा. वर्ष उलटल्यावरही नावाने हाक मारली की मूल वळतं का? दीड वर्षाच्या सुमाराला एखादी गोष्ट तुम्हालाही दिसावी म्हणून बोट दाखवतं का? तुम्ही बोट दाखवलं की तिकडे बघतं का? खोटं खोटं जेवण भरवणं, फोनवर बोलणं असले खेळ खेळतं का? येत असलेले शब्द बोलायचं बंद तर झालं नाही ना? यातलं काही खटकलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा, वाट बघत बसू नका. खिशाला परवडत नसेल तर सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, आणि विकासात उशीर वाटला तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. हे सगळं मोफत. तुमच्या अंगणवाडी ताईंना विचारा, पथक कधी येतं ते त्यांना माहीत असतं.

आणखी एक. मोठं मूलही चित्रातलं काही ओळखत नसेल, कागद नाकाशी धरत असेल, टीव्हीला चिकटून बसत असेल तर आधी डोळे तपासा. लाल आणि हिरवं वेगळं करताना एखादा मुलगा पुन्हा पुन्हा अडत असेल तर रंगांधळेपणाची शंका घ्या. मुलींपेक्षा मुलांत तो कितीतरी जास्त आढळतो. ‘लक्ष नाही’ म्हणून मुलावर ओरडण्याआधी एवढं नक्की करा.

‘गटात न बसणारं ओळखा’ याबद्दल मेसेज म्हणतो की एकच उत्तर बरोबर. पीडीएफच्या नमुना पानावर गाय, कुत्रा, मांजर, कोंबडी आहे आणि उत्तर कोंबडी. का, तर पाय दोन. माझ्या वर्गातल्या मुलांपुढे मी हेच ठेवलं. एक म्हणाली गाय, कारण ती घरात येत नाही. एक म्हणाला कुत्रा, कारण तो चावतो. एकाने मांजर सांगितलं, आमच्याकडे मांजर नाही म्हणून. पहिल्या दोघांकडे नियम आहे, आणि तो नियम ते शेवटपर्यंत पाळतात. वर्गीकरण म्हणजे हेच. तिसऱ्याचं अजून आपल्या घराशी जोडलेलं आहे, तेही त्या वयाचंच. यातल्या कुणाची तर्कबुद्धी कच्ची? मी मुलांना उत्तर सांगत नाही, कारण विचारते. वर्कशीटवर कारणाला जागाच नसते, तिथे फक्त गोल करायचा असतो.

या वयाची खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिचा मेसेजमध्ये पत्ताही नाही. एका नियमाने गट लावून झाल्यावर नियम बदलणं त्यांना अवघड जातं. फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पत्त्यांचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. पत्ते आधी रंगाने लावायचे, मग तेच पत्ते आकाराने. तीन वर्षांची बहुतेक मुलं दुसऱ्या खेपेलाही रंगानेच लावत राहतात, नवा नियम तोंडाने बरोबर सांगत असली तरी. पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना ते जमू लागतं. म्हणून ‘आत्ताच तर सांगितलं, तरी तेच करतोय’ असं म्हणत त्याच्या पाठीवर धपाटा घालायचा नाही. गटाला नाव द्या, त्याने खूप फरक पडतो. कुत्र्याचं चित्र दाखवून ‘यासारखं दुसरं शोध’ म्हटलं की मूल कुत्र्याजवळ हाडूक ठेवतं. तेच एखादं नाव देऊन ‘असा दुसरा अमुक शोध’ म्हटलं की ते दुसरा प्राणी शोधतं. एलेन मार्कमन आणि जीन हचिन्सन यांनी १९८४ मध्ये हे मुलांना अनोळखी, बनावट शब्द देऊन दाखवलं होतं.

उजव्या मेंदूवर वेळ घालवत नाही. युटा विद्यापीठात २०१३ मध्ये १,०११ जणांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले गेले. ‘उजव्या मेंदूची माणसं’ आणि ‘डाव्या मेंदूची माणसं’ असे प्रकार त्यात सापडले नाहीत. मुळात झोपलेलाच नाही तो मेंदू जागा कसला करता?

८५ टक्क्यांचं मात्र मान्य करायला हवं. तो आकडा मेसेजवाल्यांनी मनाने काढलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो. त्याच धोरणात बालशिक्षणासाठी रंग, आकार, कोडी यांचाही उल्लेख आहे. वर्गीकरण, क्रम लावणं, एकास एक संगती (एका वस्तूला एकच वस्तू जोडणं) यांवर पुढचं गणित उभं राहतं, हेही खरं. एवढं मी देते. पण त्या धोरणात दार बंद होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. पायाभूत टप्पा त्यात तीन ते आठ वर्षांचा धरलाय आणि शिकणं खेळातून, कृतीतून व्हावं असं स्पष्ट सांगितलंय. मेसेजवाल्यांनी आकडा उचलला आणि पुढचं वाक्य गाळलं. सहाव्या वर्षानंतर शिकणं थांबत असतं तर पहिलीपासूनच्या शाळा कशासाठी चालवतो आपण?

राहिली वीस वर्कशीटं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी उभी केली, तेव्हा त्यांचा भर आजूबाजूला सहज मिळणाऱ्या वस्तूंवर होता. पानं, बिया, शंख-शिंपले, खडे घेऊन मुलं रंगाने, आकाराने, लहानमोठ्याने गट लावायची. ज्या राज्यात ही परंपरा आहे तिथल्या आयांना पैसे भरून पीडीएफ विकत घ्यायला लावणं मला सहन होत नाही.

बहिणीला मी सांगितलंय, मेसेज पुसून टाक आणि त्याला तुझ्या कामात घे. वाळलेले कपडे आले की मोजे जोडीने लाव म्हणावं. जोडी जुळवताना दोन्ही मोजे शेजारी धरून बघावे लागतात, घरांच्या खिडक्यांसारखीच तपासणी आपोआप होते. भाजी आणली की मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्या त्याच्यापुढे ठेव, वास घेऊन, पानं बघून वेगळ्या करू दे. घासलेली भांडी मांडताना चमचे एकीकडे, वाट्या एकीकडे. दुसऱ्या दिवशी तीच भांडी लहान-मोठी अशी लावायची, म्हणजे नियम बदलायचा सरावही होतो. त्याने काही वेगळंच लावलं तर आधी ‘हे असं का ठेवलंस?’ विचार. कंटाळला की सोडून दे. आणि हो, मूग-मटकी निवडायला देणार असशील तर समोर बसून राहा, या वयाची मुलं दाणे नाकात-कानात घालतात. घरात त्याहून लहान मूल असेल तर कडधान्य नकोच, डब्यांची मोठी झाकणं पुरतात.